दहादा लिहावे की एकदा काढावे?

शब्द पाठ करायचा म्हणजे तो लिहायचा, हे आपल्याकडच्या शाळांत कोणाला शिकवावे लागत नाही. स्पेलिंग चुकले की दहा वेळा लिहा, व्याख्या येत नसेल तर पाच वेळा उतरवून काढा, समानार्थी शब्दांच्या याद्या वहीभर करा. लिहिल्याने लक्षात राहते हा समज इतका अंगवळणी पडला आहे की शिक्षा आणि अभ्यास यांच्यासाठी आपण एकच साधन वापरतो आणि त्यात कोणाला काही विचित्रही वाटत नाही. चित्र मात्र वेगळ्या तासाला, वेगळ्या वहीत. अभ्यासाच्या वहीच्या समासात चित्र सापडले तर मूल लक्ष देत नव्हते याचा तो पुरावाच ठरतो.

गेल्या दहा-बारा वर्षांत प्रायोगिक मानसशास्त्राने या दोन वह्या शेजारी ठेवून तपासल्या. निष्कर्ष लिहिण्याच्या बाजूने लागला नाही. पण तो चित्राच्या बाजूने नेमका किती आणि कुठवर लागला, हे पाहण्यासारखे आहे. कारण या विषयावर वर्तमानपत्री मथळ्यांनी केलेला गाजावाजा आणि प्रत्यक्ष पुरावा यांत बरेच अंतर आहे.

या चर्चेच्या मध्यभागी असलेला शोधनिबंध २०१६ सालचा. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातील वॉटर्लू विद्यापीठातल्या जेफ्री वॅम्स, मेलिसा मीड आणि मायरा फर्नांडिस या तिघांनी त्यात एकूण सात प्रयोग मांडले. मूळ प्रयोग अगदी साधा आहे. विद्यार्थ्यांना ३० शब्द एकामागून एक द्यायचे, सफरचंद किंवा फुगा अशा सहज चित्र काढता येणाऱ्या वस्तूंचे. प्रत्येक शब्दासोबत सूचना असते, ‘काढा’ किंवा ‘लिहा’. हातात ४० सेकंद. ‘लिहा’ आले तर वेळ संपेपर्यंत तोच शब्द पुन्हा पुन्हा लिहायचा, ‘काढा’ आले तर चित्र काढून त्यात तपशील भरत राहायचे. मग लक्ष दुसरीकडे वळवण्यासाठी थोडा वेळ वेगळेच काम: कानावर पडणारा स्वर खालचा, मधला की वरचा ते ओळखा. आणि त्यानंतर पूर्वसूचना न देता प्रश्न, आठवतील तेवढे शब्द एका मिनिटात सांगा.

चित्र काढलेले शब्द लिहिलेल्या शब्दांपेक्षा स्पष्टपणे जास्त आठवले, पुष्कळदा दुपटीहूनही जास्त. स्मृतीच्या प्रयोगांत इतका मोठा फरक सहजी दिसत नाही. दोन पद्धतींत दहा-पंधरा टक्क्यांचे अंतर सापडले तरी तिथले लोक समाधानी असतात.

पण एवढ्यावर विश्वास ठेवायचा का? मला या निबंधात आवडतो तो पहिला प्रयोग नाही, त्यापुढचे सगळे प्रयोग. कारण तिथे या तिघांनी स्वतःच्याच निष्कर्षाची उलटतपासणी घेतली आहे.

पहिली शंका उघड आहे. चित्र काढताना माणूस शब्दाच्या अर्थाचा विचार करतो, दहादा लिहिताना करत नाही. टोरंटोच्या फर्गस क्रेक आणि रॉबर्ट लॉकहार्ट यांनी १९७२ मध्येच मांडले होते की माहितीवर जितक्या खोलवर काम करावे तितकी ती टिकते. शब्दाचा आकार पाहणे उथळ, अर्थाशी झटणे खोल. मग चित्राचे श्रेय चित्राला कशाला द्यायचे? म्हणून एका प्रयोगात काही शब्दांसाठी विद्यार्थ्यांना त्या वस्तूचे गुणधर्म लिहायला सांगितले. म्हणजे लिहायचे, पण अर्थाचा विचार करून. चित्र तरीही पुढे राहिले. दुसरी शंका: डोळ्यांसमोर चित्र उभे राहते एवढ्यानेच काम होत असेल. म्हणून काही शब्दांसाठी नुसती कल्पना करायला सांगितली, हात हलवायचा नाही. चित्र पुढेच. तिसरी शंका अशी की चित्रे एरवीही शब्दांपेक्षा चांगली लक्षात राहतात. म्हणून तयार चित्र फक्त पाहायला दिले. ते पाहणे उपयोगी पडले, पण स्वतः काढण्याची बरोबरी त्याला करता आली नाही. अक्षरांना नक्षी काढून, सजवून लिहिण्याचा पर्यायही तपासून झाला. त्यानेही अंतर मिटले नाही.

मग वेळ कमी केला. ४० सेकंदांऐवजी अवघे चार, आणि शब्दांची यादी लांब. चार सेकंदांत काय चित्र निघणार? दोन वर्तुळे आणि एक रेघ, झाली सायकल. फायदा तरीही टिकला. शेवटच्या प्रयोगात एका गटाने सगळे शब्द फक्त लिहिले, दुसऱ्याने सगळे फक्त काढले. लिहिलेल्यांच्या गर्दीत काढलेले शब्द उठून दिसतात म्हणून आठवतात, ही शंका त्यामुळे निकालात निघाली.

चित्रांचे स्मृतीतले वर्चस्व ही बाब मात्र वॉटर्लूच्याही बरीच आधीची. लायनेल स्टँडिंग यांनी १९७३ मध्ये लोकांना पाच दिवसांत मिळून १०,००० चित्रे दाखवली, प्रत्येक जेमतेम पाच सेकंद. नंतर जोड्या दाखवून ‘यातले आधी पाहिलेले कोणते’ असे विचारले, तेव्हा अचूकता ८० टक्क्यांच्या वर होती. या प्रकाराचे सर्वांत प्रसिद्ध स्पष्टीकरण ॲलन पायव्हिओ यांचे. चित्राची नोंद मनात दोनदा होते, एकदा प्रतिमा म्हणून आणि एकदा नाव म्हणून. आठवताना एक वाट बुजली तरी दुसरी उघडी असते. (हे पायव्हिओ तरुणपणी शरीरसौष्ठव स्पर्धेत ‘मिस्टर कॅनडा’ झाले होते. स्मृतीच्या अभ्यासकाबद्दलची ही माहिती एकदा वाचली की विसरता येत नाही.) १९७३ च्याच एका प्रयोगमालेत पायव्हिओ आणि त्यांचे सहकारी कॅल्मन चापो यांनी लोकांकडून चित्रे काढूनही घेतली होती. धागा तेव्हाच हाती आला होता, पण तो ओढून पाहायला चाळीसेक वर्षे जावी लागली.

दोन नोंदींच्या या हिशेबात वॉटर्लूच्या मंडळींनी तिसरी नोंद घातली, हाताची. त्यांचे म्हणणे असे की चित्र काढताना अर्थ, दृश्य आणि हालचाल या तिन्ही गोष्टी एकाच कृतीत गुंफल्या जातात. हे नुसते म्हणून न थांबता वॅम्स, तान्या जॉन्कर आणि फर्नांडिस यांनी २०१९ मध्ये तिन्ही सुटे करून पाहिले. कोणी नुसते चित्र पाहिले, कोणी कल्पना केली, कोणी तयार रेषांवरून हात फिरवला, कोणी काढले पण काढलेले त्याला दिसू दिले नाही, आणि कोणी नेहमीसारखे पाहत पाहत काढले. जितके घटक एकत्र येत गेले तितकी स्मृती सुधारत गेली.

या यादीतले ‘तयार रेषांवरून हात फिरवणे’ म्हणजे आपले गिरवणे. गिरवताना हात चालतो, डोळा चालतो, चित्र समोर उभेही राहते. तरी ते स्वतः काढण्याइतके फळत नाही. काय कमी पडते? माझ्या मते सगळ्या संशोधनाचा गाभा या प्रश्नात आहे. गिरवणाऱ्याला काहीच ठरवावे लागत नाही. काढणाऱ्याला ठरवावे लागते. ‘घर’ म्हटले की कौलारू की चाळीतले? दार कुठे, खिडक्या किती? चार सेकंदांतही हा निवाडा करावाच लागतो. २०१८ च्या एका अभ्यासाने या तर्काला चांगलाच आधार दिला. त्यात लोकांना काही शब्दांसाठी चित्र काढण्याची फक्त तयारी करायला लावली, प्रत्यक्ष काढू दिले नाही. नुसत्या तयारीनेही ते शब्द लिहिण्याची तयारी केलेल्या शब्दांपेक्षा चांगले आठवले. कागदावर रेघ उमटण्याआधीच बरेचसे काम झालेले होते.

चित्र सुबक आले की नाही याने शब्दांच्या स्मृतीत फरक पडत नाही, हेही याच्याशी जुळते. ‘मला चित्रकला येत नाही’ ही सबब इथे गैरलागू आहे.

मग ज्यांचे चित्रच निघत नाही अशा शब्दांचे काय? ‘न्याय’, ‘महागाई’, ‘सवलत’? ब्रॅडी रॉबर्ट्स आणि वॅम्स यांनी २०२१ मध्ये अमूर्त शब्द घेऊन प्रयोग केले, आणि काढण्याचा फायदा त्यांनाही मिळाला. यात नवल नाही. ‘महागाई’ काढायची म्हणजे आधी महागाई कशात दिसते ते शोधायला हवे. कोणी रिकामी पिशवी काढेल, कोणी कांद्याच्या गळ्यात दागिना घालेल. शोधण्याची ती खटपटच स्मृतीच्या कामी येते.

इथवरचे सारे वाचून चित्रवहीच अभ्यासाची वही करावी असे वाटू लागते. तसे करू नये, कारण याच गटातून आणि इतरांकडूनही आलेले उलट बाजूचे पुरावे तितकेच पक्के आहेत. बातम्यांत ते फारसे येत नाहीत, एवढेच.

सर्वांत महत्त्वाचा पुरावा क्रमाचा. जॉन्कर, वॅम्स आणि कॉलिन मॅक्लाउड यांनी २०१९ मध्ये दाखवले की चित्र काढल्याने सुटा शब्द जास्त आठवतो, पण शब्द कोणत्या क्रमाने आले होते हे मात्र कमी आठवते. कारण समजण्यासारखे आहे. एकेका शब्दात माणूस इतका गुंततो की आधीच्या आणि नंतरच्या शब्दाशी त्याचे नाते जुळत नाही. आता आपल्या अभ्यासात क्रमाला किती जागा आहे पाहा: पाढे, बाराखडी, घटनांची सनावळी, पचनाचे टप्पे, कवितेच्या ओळी. पाढे म्हणून घेणाऱ्या जुन्या मास्तरांच्या पद्धतीला नावे ठेवणे सोपे आहे, पण तिथे राखायचा होता तो क्रम, आणि तालावर म्हटलेल्या पाढ्याच्या जागी चित्रे बसवता येणार नाहीत.

दुसरी मर्यादा व्याख्यांची. विद्यापीठीय पाठ्यपुस्तकांतील संज्ञा आणि त्यांच्या व्याख्या घेऊन वॅम्स, मीड आणि फर्नांडिस यांनी २०१७ मध्ये तुलना केली. व्याख्या जशीच्या तशी उतरवण्यापेक्षा तिचे चित्र काढणे सरस ठरले. बनावट संज्ञा आणि बनावट व्याख्या दिल्या तरी सरसच. पण तिसऱ्या प्रयोगात त्यांनी स्पर्धक बदलला आणि व्याख्या स्वतःच्या शब्दांत मांडायला सांगितले. तेव्हा दोन्ही बरोबरीत सुटले. हा निकाल मला सगळ्यांत प्रामाणिक वाटतो. लेखणीचा पराभव झाला होता तो नकलेपुरता. विचार करून लिहिणारा, निदान व्याख्यांच्या बाबतीत, चित्र काढणाऱ्याच्या मागे राहत नाही.

सुटे शब्द सोडून सलग मजकुराकडे गेलो की चित्र आणखी गुंतागुंतीचे होते. जर्मनीत डेट्लेव्ह लॉयट्नर आणि सहकाऱ्यांनी दहावीच्या मुलांना पाण्याच्या रेणूंविषयीचा शास्त्रीय उतारा वाचायला दिला. वाचताना मनात कल्पना करणाऱ्यांना फायदा झाला. चित्र काढत वाचणाऱ्यांवर मात्र बोजा वाढला आणि आकलन घटले. हा अभ्यास २०००-१० च्या दशकातला, म्हणजे वॉटर्लूच्या निबंधाच्या आधीचा. याउलट, एका जर्मन-अमेरिकन गटाने २०१० मध्ये रेखाटनासाठी आयते आकार पुरवले तेव्हा मुलांना लाभ झाला, आणि ज्यांचे चित्र अधिक अचूक ते पुढच्या चाचणीतही सरस ठरले. म्हणजे शब्दांच्या यादीत सुबकता बिनमहत्त्वाची, पण प्रक्रिया समजून घेताना चित्र बरोबर असणे महत्त्वाचे. चुकीच्या जागी काढलेला झडपेचा बाण चुकीचेच रक्ताभिसरण शिकवेल.

समासातल्या रेघोट्यांबद्दलही एक गैरसमज दूर करायला हवा. जॅकी आंद्राद यांनी २०१० मध्ये ४० जणांना कंटाळवाणा दूरध्वनी संदेश ऐकवला. ऐकताना छापील आकार रंगवणाऱ्यांना इतरांपेक्षा २९ टक्के जास्त तपशील आठवले. हा निष्कर्ष ‘रेघोट्या मारा, स्मरणशक्ती वाढवा’ अशा रूपात जगभर फिरला. पण मीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये चित्र, लेखन आणि मनाला येतील तशा रेघोट्या यांची थेट तुलना केली, तेव्हा शब्दाशी संबंध नसलेल्या रेघोट्यांनी काही मदत केली नाही. आंद्राद यांच्या प्रयोगात हाताला बहुधा जांभई आवरण्याइतकेच काम होते. शब्दाचे चित्र काढणे ही वेगळीच कृती आहे.

आणि एक धोका. न्यूझीलंडमधील डेरिन स्ट्रेंज, मरीॲन गॅरी आणि रेचेल सदरलंड यांनी २००३ मध्ये दाखवले की मुलांना कधीच न घडलेल्या घटनेचे चित्र काढायला लावले, तर ती घटना आपल्या बाबतीत खरोखर घडली असे म्हणण्याची शक्यता वाढते. जे साधन खऱ्या शब्दाची नोंद ठळक करते ते खोट्या आठवणीलाही रंग भरते. बालसाक्षीदारांशी बोलणाऱ्या पोलिसांनी आणि समुपदेशकांनी हे लक्षात ठेवलेले बरे.

म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत मात्र निष्कर्ष निखळ उत्साहवर्धक आहेत. वय वाढते तशी लिहिलेल्या शब्दांची आठवण उतरते. मीड, वॅम्स आणि फर्नांडिस यांच्या २०१८ च्या अभ्यासात काढलेल्या शब्दांच्या बाबतीत तरुण आणि वृद्ध यांच्यातले अंतर आक्रसलेले दिसले. दृश्य हाताळणारे मेंदूचे भाग वार्धक्यात तुलनेने कमी खालावतात, म्हणून चित्राची वाट त्यांच्यासाठी जास्त काळ खुली राहत असावी, असे संशोधकांचे म्हणणे. २०२० मध्ये स्मृतिभ्रंशाची शक्यता असलेल्या व्यक्तींनाही हा लाभ झाल्याचे मीड आणि सहकाऱ्यांनी नोंदवले. याला उपचार समजू नये. चित्र काढल्याने आजार हटत नाही. पण घरातल्या आजोबांना औषधांची किंवा बाजारहाटाची यादी लिहून देण्याऐवजी त्यांच्याकडूनच छोट्या चित्रांत काढून घेतली, तर बिघडत काहीच नाही.

उरतो तो मोठा हिशेब. शब्द लक्षात ठेवण्याच्या सगळ्या पद्धतींत चित्राचे स्थान कोणते? जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धतींचा मोठा आढावा घेतला. त्यात दोनच पद्धतींना वरचा क्रमांक मिळाला: स्वतःची चाचणी घेणे आणि अभ्यास दिवसांत विभागून करणे. जेफ्री कार्पिक आणि जॅनेल ब्लंट यांनी २०११ मध्ये, पुस्तक समोर ठेवून संकल्पनांचे नकाशे काढणाऱ्यांपेक्षा पुस्तक मिटून आठवणारे सरस ठरतात, हे दाखवलेच होते. वॉटर्लूच्या मूळ प्रयोगांत स्मरणाची परीक्षा काही मिनिटांतच घेतली जात होती, आणि शाळेतली परीक्षा तर महिन्यांनी येते. म्हणून चित्राला मी उजळणीचा पर्याय मानत नाही. पहिल्या भेटीत शब्दाची ओळख पक्की करून देणे हे त्याचे काम, आणि ते काम ते चोख करते.

महाराष्ट्रात या साऱ्याचा सांधा जुळतो तो विज्ञानाच्या जर्नलशी. आपल्याकडे चित्रकलेची परंपरा शाळांत कमी नाही. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना मुले हौसेने बसतात. बोर्डाच्या प्रश्नपत्रिकेत ‘नामनिर्देशित आकृती काढा’ हा प्रश्न ठरलेला असतो. पण जर्नलमधली हृदयाची किंवा फुलाची आकृती बहुतेक वेळा पुस्तकावरून उतरवलेली असते, कधी ट्रेसिंग पेपर ठेवून, कधी ताईकडून काढून घेऊन. छायाभेद सुरेख, नावे सरळ रेषेत, गुण पूर्ण. वर सांगितलेल्या प्रयोगांच्या भाषेत हे गिरवणे झाले. यात हाताला वळण लागते, अभ्यास फार होत नाही.

तेच मूल पुस्तक मिटून, पेन्सिलीने, वेडीवाकडी का होईना, आठवून आकृती काढेल आणि मग पुस्तक उघडून चुका तपासेल, तर चित्राचा आणि चाचणीचा फायदा एकाच वेळी पदरात पडेल. टप्पे असतील तर त्यांना क्रमांक घालावेत, कारण क्रम चित्र आपणहून राखत नाही. भाषेच्या तासालाही हे करता येते: नवे शब्द फळ्यावर लिहून झाले की प्रत्येकासाठी अर्ध्या मिनिटाचे चित्र, आणि त्यापुढे शब्द एकदाच, नीट. शुद्धलेखनासाठी हात आणि अक्षर यांची ओळख लागतेच, तेव्हा लिहिणे काढून टाकण्याचा प्रश्न नाही. प्रश्न आहे तो दहा वेळांतल्या नऊंचा.

शिक्षकांना एक विनंती. हे कोणाच्या शब्दावर मानू नका, माझ्याही नाही. पुढच्या आठवड्यात एखाद्या तासाला वीस शब्द घ्या, मुलांकडून दहा लिहून घ्या, दहा काढून घ्या, मध्ये थोडा वेळ दुसरे काहीतरी शिकवा आणि मग कोरा कागद द्या. तीच परीक्षा पंधरा दिवसांनी, न सांगता, पुन्हा एकदा घ्या. यासाठी पेन्सिल आणि कागद यापलीकडे काही लागत नाही.